कोळसा कोण बदलणार?

जानेवारीत मोहोळ तालुक्यात एका मित्राच्या रानात हुरड्याला बसलो होतो. आगटी पेटलेली, कणसं निखाऱ्यात, शेंगदाण्याची चटणी हातोहात फिरत होती. तेवढ्यात मित्राच्या पुतण्याने पिशवीतून तळ कापलेली प्लास्टिकची बाटली काढली. पोरगा कृषी पदवीधर. उलट्या धरलेल्या बाटलीत खाली कापूस, त्यावर वाळू, त्यावर तुरकाट्यांच्या कोळशाचा काळाभोर चुरा. वरून त्याने निळंशार पाणी ओतलं. चादरीचं सूत रंगवणाऱ्या कुणाकडून चिमूटभर रंग मागून आणला होता. खालून थेंब थेंब पडलं ते पाणी नितळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बघा काका, फवारणीचं विष असंच निघतंय. तेबी फुकटात." तिथून जो वाद पेटला तो निखारे विझले तरी विझेना.

एकाचं म्हणणं, बायोचारने, म्हणजे अशा काड्याकुड्यांच्या कोळशाने, सगळं विष जातं, पण आरओ विकणारे हे बाहेर येऊ देत नाहीत. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, हे सगळं मोबाईलवरचं विज्ञान. कोळशाने विष निघत असतं तर सरकारने कोट्यवधींच्या योजना कशाला केल्या असत्या? आणि सेंद्रिय शेती करणाऱ्या एका ताईंनी दोघांनाही झापलं: आधी ओतायचं बंद करा, मग गाळायची वेळच येणार नाही. नंतर हाच वाद मी एका कृषी मेळाव्यात ऐकला, चहाच्या टपरीवर ऐकला, नातेवाइकांच्या ग्रुपवर वाचला. माणसं बदलतात, बाजू त्याच तीन. माझं मत आधीच सांगून टाकतो. कोळसा काम करतो. मात्र तो घरोघरच्या बाटलीत भरण्याची वस्तू नाही. गावाच्या पाणीपुरवठ्याचा भाग म्हणून, तपासून घेतलेला आणि बदलायची तारीख लिहून ठेवलेला असेल तरच त्याच्यावर भरवसा ठेवावा. तिन्ही बाजू 'चालतो की चालत नाही' यावर भांडतात. थकलेला कोळसा ओळखायचा कुणी आणि बदलायचा कुणी, हे कुणी विचारत नाही.

कोळसा विष 'शोषतो' असं आपण म्हणतो, पण स्पंजात पाणी शिरतं तसं ते घडत नाही. विषाचे रेणू कोळशाच्या आतल्या भोकाभोकांच्या भिंतींना चिकटून बसतात. शाळेच्या पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. सोलापूरकराला समजवायला टेरी टॉवेल पुरेसा आहे. साधा पंचा आणि त्याच मापाचा टेरी टॉवेल घ्या. टॉवेल पाणी जास्त धरतो, कारण त्याच्या अंगावर सुताची हजारो वेटोळी उभी असतात आणि त्यामुळे त्याचं खरं अंग दिसतं त्याहून कितीतरी मोठं असतं. हवा कोंडून लाकूड तापवलं की पाणी, वायू, डांबर उडून जातं आणि मागे असाच छिद्राछिद्रांचा कार्बन राहतो. करवंटीपासून कारखान्यात बनवलेल्या चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचं आतलं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे रान. शेतात बनवलेला बायोचार इतका नसतो, पण नीट तापवला तर तीन-चार गुंठ्यांपर्यंत पोचतो. आणि हे काही काल-परवा कळलेलं नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये लोविट्झ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ साली कोळसा द्रावणातला रंग काढतो हे नोंदवलं, आणि जहाजांवरच्या पिंपांतलं कुजकट पाणीही कोळशाने पिण्याजोगं होतं हे दाखवलं. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्यांत कोळसाच होता. त्यासाठी १९१८ मध्ये अमेरिकेत लोकांकडून पीचच्या कोयी गोळा केल्या गेल्या. गुरुजींच्या घरच्या आरओ यंत्रातही पडद्याच्या आधी कोळशाची एक नळी असतेच. तेव्हा कोळशाला मोबाईलवरची भानगड म्हणणं सोडून द्यावं.

पण पुतण्याच्या बाटलीला एवढ्याने पास करता येत नाही. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा, तीसहून अधिक कारखाने आहेत, म्हणून साखरेचंच उदाहरण देतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात साखरेचा पाक पांढरा करायला हाडांचा कोळसा वापरत. याच हाडांमुळे स्वदेशीच्या काळात आपल्याकडे विलायती साखरेवर बहिष्कार टाकताना धर्म बुडाल्याची हाकाटी झाली होती. आपले कारखाने रस गंधकाच्या धुराने साफ करतात, तो मार्ग वेगळा. त्या जुन्या शुद्धिकारखान्यांत कोळशाच्या उंच टाक्या असत आणि शेजारीच भट्ट्या. टाकीतून उतरणारा पाक जरा पिवळट दिसला की कामगार समजे, कोळसा भरला. मग तो उपसायचा, धुवायचा, भट्टीत पुन्हा भाजायचा आणि परत टाकीत. सगळा कारभार डोळ्यांवर चाले. पाकाचा रंगच सांगे, आता बस.

मी ती बाटली त्या रात्री घरी घेऊन आलो आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर टांगली. सोबत रंगाची पुडीही होती. रोज एक तांब्या निळं पाणी. पहिले दोन दिवस खाली नितळ. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या वाटीत धरून बघितलं तर नखाएवढी निळसर झाक. पाचव्या दिवशी वरती जे ओतलं तेच खाली. बायको म्हणाली, आता हे काढा, ओटा डागाळतोय. आता निळ्याच्या जागी कीटकनाशक धरा. त्याला रंग नाही, जेवढ्या प्रमाणाची आपण चर्चा करतोय तेवढ्यात वासही नाही, चव नाही. पहिल्या दिवशीचं पाणी आणि पाचव्या दिवशीचं पाणी दिसायला जुळं भावंड. पहिल्या दिवशी टाळ्या वाजवणारा माणूस पाचव्या दिवशीही त्याच भरवशाने पेला भरणार, उलट आधी उकळून पीत असेल तर तेही सोडून देणार. (उकळल्याने कीटकनाशक जात नाही, हे इथेच सांगतो. पाण्याची वाफ होते, बरीचशी औषधं भांड्यातच राहतात आणि थोडी घट्टच होतात. तुरटी आणि निवळीचं बी गढूळपणा खाली बसवतं, विरघळलेल्याला हात लावत नाही.)

शिवाय रंग निघाला म्हणजे विष निघालं असंही नाही. तो निळा रंग कोळशाला आवडता. कीटकनाशक हे एका वस्तूचं नाव नाही, तो शेकडो वेगवेगळ्या स्वभावांच्या रसायनांचा बाजार आहे. क्लोरपायरीफॉससारखं पाण्याला टाळणारं औषध कोळशाला पटकन चिकटतं. उसात तण मारायला वापरतात ते टू-फोर-डी पाण्यात ऋण भाराचं होतं, त्यामुळे ते कमी चिकटतं, आणि कोळशात राख जास्त असेल तर पाणी अल्कधर्मी होऊन आणखीच कमी. बांधावर मारतात ते ग्लायफोसेट तर पाण्याशी इतकं एकजीव होतं की साध्या कोळशाच्या हाताला फारसं लागतच नाही. त्यात पाणी कुठलं? प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात औषध घालून मोजलेली ताकद उजनीच्या हिरवट पाण्यात मिळत नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी, शेवाळ, कुजलेला पाला यांतली सेंद्रिय द्रव्यं आधी कोळशाच्या छिद्रांत जाऊन बसतात. एसटी पंढरपुरातच भरली तर मोहोळच्या माणसाने कुठे बसायचं?

आता समोरच्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. द्राक्षवाले एक अण्णा त्या दिवशी गप्प बसून ऐकत होते, शेवटी एवढंच म्हणाले, "आमच्या पाण्यात औषध हाय असं कुणी मोजलंय का? का उगं शेतकऱ्याला बदनाम करताय?" या प्रश्नाला टाळी वाजवून उत्तर देता येत नाही. मोजमाप नसताना गावाच्या आडात विष आहे असं म्हणणं खोटं आहे, आणि दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं त्याहून वाईट. पण अण्णा, हाच प्रश्न उलटा करून पाहा. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि बाजार हातचा जायची वेळ आली. त्यातून अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेची, ग्रेपनेट व्यवस्था उभी राहिली. बागेची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी नमुना, प्रयोगशाळेचा रेसिड्यू (उरलेल्या अंशांचा) रिपोर्ट, मगच कंटेनर. २०१० मध्ये पुन्हा घोळ झाला. मण्यांसाठी नव्हे, वेलीची वाढ रोखायला वापरतात त्या सीसीसीच्या अंशांवरून माल अडला. तेव्हाही चाचणीची यादी वाढवली आणि गाडी पुढे गेली. नान्नजच्या बागेत सोनाकाचा वाण निपजला त्या या जिल्ह्याला रेसिड्यू म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. शेकडो रसायनांसाठी आपण घड तपासतो. ते घड पिकवणारं कुटुंब ज्या विहिरीचं पाणी पितं, ती विहीर त्याच बागेच्या उताराला असते. तिचा रिपोर्ट कुठे आहे? रॉटरडॅमच्या गिऱ्हाईकाला जेवढी काळजी आपण विकतो, तेवढी घरच्या लेकरांना फुकट का देत नाही?

गावात पाणी तपासतात, हे खरं. जलसुरक्षक क्लोरीनची टीसीएल पावडर टाकतो, ते पोचलं का हे पिवळा रंग येतो का यावरून बघतो. पाणवठ्यांना हिरवी, पिवळी, लाल कार्डं मिळतात. २०१९ पासूनच्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच बायकांना चाचणीची पेटी दिली, शिकवलं, हे चांगलंच झालं. पण त्या पेटीत क्षार, नायट्रेट, फ्लोराईड, क्लोरीन, सामू असल्या गोष्टी निघतात. कीटकनाशक मोजायला लागतं ते यंत्र खोलीभर, आणि एका नमुन्याला काही हजार रुपये. हिरवं कार्ड म्हणजे जंतूंच्या बाबतीत बरं, एवढंच. औषधांच्या बाबतीत ते कार्ड कोरं असतं.

इथे आणखी एक गंमत आहे, जी मला कधीच गंमत वाटली नाही. २००३ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकं दाखवली, ऑगस्टमध्ये शीतपेयांत दाखवली. देशभर गहजब झाला, शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली. बाटलीबंद पाण्याचं मानक कडक झालं: कुठलंही एक कीटकनाशक लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, सगळी मिळून ०.५ पेक्षा जास्त नको. युरोपच्या पिण्याच्या पाण्याचा नियमही हाच. नळाच्या पाण्याचं मानक मात्र वेगळं, आयएस १०५००. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत १८ कीटकनाशकांची यादी आहे आणि प्रत्येकाला वेगळी मर्यादा. टू-फोर-डी लिटरला ३० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. बाटलीतल्या मर्यादेच्या तीनशे पट. ग्लायफोसेट त्या यादीत नाहीच. विकतची बाटली पिणाऱ्याचं आणि हंडा भरणाऱ्याचं यकृत निराळं असतं काय? कोळशावर बोलण्याआधी हा फरक मिटवायची मागणी व्हायला हवी होती. ती करताना मी कुणाला पाहिलं नाही, सेंद्रियवाल्या ताईंनासुद्धा.

त्या ताईंचा मुद्दा मात्र मी डावलणार नाही, कारण तत्त्वाने त्याच बरोबर आहेत. गाळण्यापेक्षा न ओतणं शहाणपणाचं. आणि त्यातलं बरंच काही फार स्वस्तात होणारं आहे. औषध कालवायचा बॅरल विहिरीच्या काठावर ठेवायचा नाही. फवारणीचा एसटीपी पंप आडाच्या पाण्यात खळबळायचा नाही. बोअरची नळी बॅरलमध्ये बुडवून पाणी भरताना मध्येच लाईट गेली तर बॅरलमधलं औषध उलटं बोअरमध्ये उतरतं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, रात्रपाळीच्या विजेवर बागा जगवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तिथे एक वन-वे व्हॉल्व्ह बसवला किंवा नळी वीतभर वर धरली, तर कितीतरी क्विंटल कोळशाचं काम त्याने होईल. पण ताईंच्या 'आधी बंद करा, मग गाळायला नको' या वाक्यातलं 'मग' चुकीचं आहे. जर्मनीने १९९१ साली ॲट्राझिन या तणनाशकावर बंदी घातली. तीन दशकांनंतरही तिथल्या भूजलात ते आणि त्याचे तुकडे सापडतात. भूजलाची चाल बैलगाडीचीही नाही. आपल्याकडे एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबलं, मोनोक्रोटोफॉसवर २०२३ मध्ये बंदीचा हुकूम निघाला, आणि बंदी येते ती आधी वर्षानुवर्षं फवारून झाल्यावर. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणी करताना वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा कुठे फवारणीच्या विषावर आपण मोठ्याने बोललो. काल जमिनीत गेलेलं आज सेंद्रिय प्रमाणपत्र घेतल्याने परत येत नाही. ते पाणी पिणारा माणूस मात्र आज तहानलेला आहे.

मग आरओ आहे की! असं शहरातला माणूस म्हणतो. आहे, आणि बहुतेक कीटकनाशकं तो अडवतोही. पण ज्या सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे एक पेला गाळायला एक-दोन पेले मोरीत सोडणारं यंत्र हा उपाय म्हणून मिरवण्यात मला लाज वाटते. विक्रेता येतो, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवतो, आकडा सहाशे दाखवतो, त्याच्या यंत्राचं पाणी साठ दाखवतं, आणि बाई पैसे काढतात. त्या आकड्यात कॅल्शियम असतं, मीठ असतं. मायक्रोग्रॅममधलं कीटकनाशक त्या मीटरला दिसतही नाही. बायोचारवाल्यांना उलट अडचण: कोळसा क्षार काढत नाही, नायट्रेट-फ्लोराईड काढत नाही, त्यामुळे मीटरवर आकडा जिथल्या तिथे. गिऱ्हाईक म्हणतं, तुमचं काही चालत नाही. मीटरने दोघांनाही फसवलेलं असतं.

आता तज्ज्ञांचा आक्षेप, जो मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. गावठी कोळसा म्हणजे कोणता कोळसा? चुलीतला अर्धवट जळालेला तुकडा तीनशे-चारशे अंशांवर तयार झालेला असतो. पाणी शुद्ध करायचं तर साधारण सहाशे अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि धूर कोंडून ठेवला तर त्यातलं डांबर आणि कर्करोगकारक पीएएच संयुगं कोळशावरच परत बसतात. वरून पेटवायच्या २०० लिटरच्या पिंपाच्या भट्टीत धूर जळून जातो, तापमान चढतं. थायलंडच्या उत्तरेकडच्या खेड्यांत अशा पिंपातला कोळसा, त्याआधी खडी आणि वाळू, अशा टाक्या वापरल्या गेल्या आहेत. हे शक्य आहे, पण हात बसावा लागतो. आणि कच्चा माल? इथे मला आमच्या लोकांची खरी भीती वाटते. छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडलेले असतात, पुतण्याला वाटतं आयता माल. त्या काड्यांवर वर्षभर मोरचूद आणि बोर्डो मिश्रण, म्हणजे तांब्याची औषधं, पडलेली असतात. लाकूड जळतं, तांबं जळत नाही, ते कोळशात घट्ट होऊन बसतं. भट्टी पेटायला उशीर लागला की कुणीतरी मल्चिंग पेपरचा बोळा किंवा ठिबकची तुटकी नळी आत सारतो, पीव्हीसीचा तुकडा गेला तर डायऑक्सिन या जहाल विषाची तयारी. विष काढायला निघालेल्या माणसाने विषच शिजवायचं! कडबा तर विचारातही घेऊ नका, तो जनावरांचा घास आहे. राहिल्या तुरकाट्या, मक्याची बुरखुंडं, वेडी बाभूळ. तुरकाट्याही 'फुकट' नाहीत, त्या कुणाच्या तरी चुलीतून काढाव्या लागतात. बाभळीच्या कोळशाच्या भट्ट्यांवर उचल घेऊन आलेली कातकरी कुटुंबं काळवंडून बसलेली ज्याने पाहिलीत, तो स्वस्त कोळसा हा शब्द जपून वापरेल.

जंतूंचं प्रकरण मला यांहून गंभीर वाटतं. नळाच्या पाण्यात पालिकेने क्लोरीन घातलेलं असतं, ते घागरीत पाणी साठवल्यावर दिवस-दोन दिवस राखण करतं. घरच्या नळाला कोळशाची बाटली लावली की कोळसा सगळ्यात आधी हे क्लोरीन खातो. मग राखणदार नसलेलं पाणी चार-पाच दिवस पिंपात पडून राहतं, आणि कोळशाच्या भोकांत जंतूंची वस्ती वाढते ती वेगळीच. न दिसणाऱ्या विषाच्या भीतीने हगवण घरात आणायची, हा सौदा काय कामाचा? म्हणून क्रम आधी वाळू, मग कोळसा, आणि सगळ्यात शेवटी क्लोरीन. त्यातही कारण आहे: क्लोरपायरीफॉससारख्या औषधावर आधीच क्लोरीन पडलं तर त्याचं ऑक्सॉन नावाचं जास्त जहाल रूप तयार होतं. हा क्रम घरातल्या नळावर जमत नाही. तो गावाच्या टाकीवरच जमतो. बाटलीवाल्यांशी माझं भांडण आहे ते इथे.

बांगलादेशात १९७०च्या दशकात लेकरं तळ्याचं पाणी पिऊन जुलाबाने मरत होती, म्हणून युनिसेफच्या मदतीने गावोगाव हातपंप बसले. हेतू नेक, पाणी नितळ, जंतू नाहीत. १९९०च्या दशकात कळलं की त्यातल्या लाखो पंपांतून आर्सेनिक येतंय. पंप वाईट नव्हता. खालचं पाणी एकदा तपासून बघायची पद्धत कुणी ठेवली नव्हती. गुरुजी हे उदाहरण ऐकतील तर म्हणतील, बघा, म्हणून नकोच. पण बांगलादेशाने पंप उपटून लोकांना परत तळ्यावर पाठवलं नाही. पंप तपासले, विषारी पंपांना लाल रंग दिला, सुरक्षित पंपांना हिरवा. चुकलेल्या उपायाला चाचणी जोडली की तो पुन्हा उपयोगी होतो.

थकलेल्या कोळशाचं काय करायचं, यावर मेळाव्यात दोन तज्ज्ञ हमरीतुमरीवर आले होते. 'घातक कचरा, घातक कचरा' असा धोशा. जरा हिशेब करू. पाण्यात युरोपच्या मर्यादेच्या दहापट, म्हणजे लिटरला १ मायक्रोग्रॅम औषध आहे असं धरा. घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला २० लिटर. वर्षभरात कोळशाने सगळंच्या सगळं पकडलं तरी ७.३ मिलिग्रॅम. मिठाची चिमूट त्याच्या कितीतरी पट जड असते. शेजारच्याच रानात एका फवारणीत शेकडो ग्रॅम पडतं. तेव्हा आकांत नको. मात्र आपल्या सवयी ओळखून दोन गोष्टी सक्त हव्यात. हा कोळसा भाकरीच्या चुलीत जाऊ नये, आणि याची राख भांडी घासायला किंवा राखुंडी म्हणून दात घासायला घरात येऊ नये. गावाने तो पोत्यात साठवून पुन्हा त्याच पिंपाच्या कडक भट्टीत भाजावा, जुने साखरवाले भाजत तसा.

गावपातळीवर हे आवाक्यातलं आहे का? तीन हजार वस्तीचं गाव, माणशी पिण्या-स्वयंपाकाचं सात लिटर, म्हणजे दिवसाला वीस-एकवीस हजार लिटर. दहा तासांत गाळायचं तर ताशी दोन हजार. पाणी कोळशात अर्धा तास राहावं असं धरलं तर हजार लिटर कोळसा, एका काळ्या टाकीएवढा, वजन सुमारे अडीचशे किलो. शंभर किलो तुरकाट्यांना वीस-पंचवीस किलो कोळसा पडतो, चाळून बारीक भुकटी टाकून द्यायची, तर दीड टन तुरकाट्या. वापरायचं सगळं पाणी गाळायची गरज नाही. पाच-दहा रुपयांत २० लिटर देणारं पाण्याचं एटीएम आज बहुतेक मोठ्या गावांत आहे, त्याच जागेवर हे बसतं. फक्त टाकी एक नको, एकामागे एक दोन हव्यात. पहिलीतून बाहेर पडणारं पाणी पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात असं वर्षातून दोनदा प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे औषध दिसायला लागलं की पहिली उपसायची, दुसरीला पुढे आणायचं. लोकांच्या हंड्यात त्या वेळीही स्वच्छच पाणी पडत असतं. नमुन्याचा खर्च एका गावाला जड, पाच-सहा गावांच्या एकत्र योजनेला नाही. केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापुरात कोरडवाहू संशोधन केंद्र आहे, विद्यापीठ आहे. कोणत्या तालुक्यात कोणतं औषध पडतं ही यादी करून त्यावर तुरकाट्यांचा कोळसा तपासणं हे एखाद्या विद्यार्थ्याच्या दोन वर्षांचं काम.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हे आमच्या गावात मांडलं. कोळसा, टाकी, भट्टी, सगळ्याला माना डोलल्या. पुतण्याने तर भट्टी स्वतः बनवून द्यायचं कबूल केलं, द्राक्षाच्या काड्या घालणार नाही अशी शपथ घेऊन. अण्णांनीही विहिरीचा नमुना द्यायला होकार भरला, "पन रिपोर्ट आधी मला दाखवायचा," या अटीवर. मग मी विचारलं, टाकी उपसायची तारीख कोणाच्या वहीत लिहायची आणि खाली सही कोणाची? सरपंचांनी ग्रामसेवकाकडे पाहिलं, ग्रामसेवकाने पाणी सोडणाऱ्या शिपायाकडे, आणि शिपाई उठून पंख्याचं बटण खालीवर करायला लागला.